जर्मन सुतार, अमेरिकेचं यादवी युद्ध आणि तोफेचं चाक: कथेसाठी तपशील हवेत

मोंढ्यावरचा (परभणी)

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायलोय. नायक जर्मनीतल्या बाडेनचा, गाड्यांची चाकं करणारा सुतार. आराखडा असा आहे: 1848 च्या क्रांतीत हरल्यावर पळतो, 1854 ला ब्रेमेनहून जहाजात बसतो, न्यूयॉर्कला कॅसल गार्डनवर उतरतो, सिनसिनाटीत दुकान टाकतो. 1861 ला युद्ध पेटल्यावर युनियनच्या (उत्तरेकडच्या राज्यांच्या) पायदळात भरती होतो आणि 1863 मध्ये चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईत असतो.

शंका तीन. या आराखड्यात कुठं घोळ आहे का? फौजेत गेल्यावर त्याच्या हातातली पटाशी सुटली असेल, की तिथंही सुतारकाम होतं? आणि चाक. आपल्याकडची बैलगाडीच्या चाकाला धाव (लोखंडी पट्टी) चढवायची पद्धत मला माहीत आहे, तिकडच्या तोफेचं चाक कितपत वेगळं? नागरिकत्व आणि पगाराबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल.

जालन्याकडच्या मंडळींनी "मग असईचा पोलमनच घ्या की" असं सुचवू नये ही विनंती. तो आधीच सुचवून झालाय.

गोदाकाठ (नांदेड)

पोलमन तुमच्या कामाचा नाहीच. तो हॅनोव्हरचा, फौजेतच सार्जंट होता, तिथून शिंद्यांच्या कवायती पलटणींवर गेला आणि 23 सप्टेंबर 1803 ला असईला इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर उभा राहिला. कारागीर नव्हे, आणि काळही अर्धं शतक आधीचा.

आता घोळ. कॅसल गार्डन हे उतारूंचं ठाणं म्हणून सुरू झालं ऑगस्ट 1855 मध्ये. 1854 ला आलेला माणूस थेट धक्क्यावर उतरायचा आणि तिथंच दलाल त्याच्या सामानाला हात घालायचे. खोटी रेल्वे तिकिटं, भलतंच भाडं लावणाऱ्या खानावळी, हे सगळं त्या काळातलं. ते टाळायलाच पुढं ठाणं उघडलं. म्हणजे एकतर साल पुढं न्या किंवा कॅसल गार्डन काढा.

त्याहून चांगला पर्याय सांगतो. बाडेनच्या माणसाला ब्रेमेन लांब पडतं. त्या भागातले बरेच लोक फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातून निघायचे. अमेरिकेचा कापूस घेऊन जहाजं तिथं यायची, परतीला मालाऐवजी माणसं भरायची. परभणीच्या वाचकाला कापसाच्या गाठींच्या जागी फळ्या ठोकून केलेले दुमजली माचे समजावून सांगावे लागणार नाहीत. ही जहाजं बऱ्याचदा न्यू ऑर्लिन्सला जायची. तिथून वाफेच्या बोटीनं मिसिसिपी, मग ओहायो नदी, की सिनसिनाटी. शिडाच्या जहाजाला समुद्रातच सहा ते आठ आठवडे, न्यू ऑर्लिन्सला त्याहून जास्त. फक्त उतरवा हिवाळ्यात. 1853 च्या उन्हाळ्यात न्यू ऑर्लिन्समध्ये पिवळ्या तापानं हजारो माणसं मेली होती. पुढच्या वर्षी जाणत्या माणसानं मुद्दाम उन्हाळ्याचं जहाज धरलं, हे पटणार नाही.

दुसरा घोळ क्रांतीचा. बाडेनमध्ये उठाव 1848 आणि 1849 असा दोनदा झाला आणि बंडखोरांच्या ताब्यातला रास्टाटचा किल्ला पडला 23 जुलै 1849 ला. तेव्हा पळालेला माणूस 1854 पर्यंत होता कुठं? स्वित्झर्लंड किंवा लंडन दाखवावं लागेल. खरं तर 1854 ला एका वर्षात दोन लाखांहून जास्त जर्मन अमेरिकेत उतरले, आणि त्यातले क्रांतिकारक मूठभर. बाकीचे बटाट्यावरच्या रोगानं, वाटणीत तुकडे पडत गेलेल्या जमिनीनं आणि गिल्डच्या (कारागिरांच्या संघाच्या) जाचानं निघालेले. उमेदवारी संपली की कारागिरानं काही वर्षं गावोगाव फिरून काम करायचं आणि मग मास्टर व्हायला अर्ज. गावात आधीच चार चाकवाले असले तर अर्ज पडून. बाडेनमध्ये ही बंधनं 1862 पर्यंत टिकली. पदरी मिळकत नसेल तर लग्नाला गावाची परवानगीही मिळत नसे. तुमचा सुतार क्रांतीमुळं नव्हे, या कारणानं निघाला तर जास्त खरा वाटेल. झेंडा घेऊन पळालेला नायक फार वेळा येऊन गेलाय.

सिनसिनाटीतली जर्मन वस्ती कालव्याच्या पलीकडं होती, म्हणून तिला 'ओव्हर द ऱ्हाइन' म्हणत. एप्रिल 1855 च्या निवडणुकीत परदेशी लोकांच्या विरोधातल्या जमावानं तिथं दंगल केली, तेव्हा जर्मनांनी पुलांवर अडथळे रचले आणि एक तोफही आणून उभी केली. युद्धाआधीचा प्रसंग हवा असेल तर तो आयता आहे.

तोफखाना_लातूर

पायदळ कशाला? चाक करणारा माणूस पायदळात वाया जाईल. त्याला तोफखान्यात घाला, पटाशीही सुटणार नाही.

युनियनच्या सहा तोफांच्या बॅटरीत सहा तोफा, दारूगोळ्याच्या सहा गाड्या (केसन), एक फिरती भट्टी आणि एक बॅटरी वॅगन एवढा लवाजमा असे. 1861 च्या कायद्याप्रमाणं एका बॅटरीला 2 ते 6 आर्टिफिसर मंजूर होते. आर्टिफिसर म्हणजे फौजेतला कारागीर: सुतार, लोहार, जीन शिवणारा. फिरत्या भट्टीवर भाता, चूल, ऐरण. वॅगनमध्ये सुताराची आणि जीनगराची हत्यारं, जादा आरे, पुठ्ठे (चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे), कातडं, तेल, रंग, धार लावायचा दगड. कूच असताना या दोन गाड्या बॅटरीच्या शेपटाला, लढाईत मागं.

युनिटही सुचवतो. फर्स्ट ओहायो लाइट आर्टिलरीची बॅटरी 'आय', सिनसिनाटीत उभी राहिली, डिसेंबर 1861 मध्ये फौजेत दाखल झाली, माणसं बहुतेक जर्मन. पहिला कप्तान हायमन, पुढं ह्यूबर्ट डिल्गर. हा डिल्गर बाडेनच्याच घोडतोफखान्यातला, 1861 ला अमेरिकेत आलेला, चामड्याची तुमान घालायचा म्हणून त्या नावानं ओळखला जायचा. तुमच्या नायकाचा गाववाला कप्तान आयता मिळतो. बॅटरी क्रॉस कीज (8 जून 1862), दुसरं बुल रन, चॅन्सलर्सव्हिल, गेटिसबर्ग, मग 1863 च्या शरद ऋतूत रेल्वेनं टेनेसीकडं आणि पुढं अटलांटा, अशी फिरली.

सुतार आणि लोहार एकच माणूस करू नका. आपल्या बलुत्यात जसे दोघं वेगळे तसेच तिकडंही: लाकडाचं चाक वागनरचं (चाकं-गाड्या करणाऱ्या सुताराचं), लोखंडाची धाव लोहाराची. फौजेत एकमेकांना हात लावतील, पण वेल्डिंगचा सांधा सुतार मारणार नाही. लोहाराचं मुख्य काम तर घोडे. शंभर-सव्वाशे जनावरं, म्हणजे साडेचारशेच्या आसपास खूर. नाल पाच-सहा आठवडे टिकतो असं धरलं तर रोज दहा-बारा खूर आलेच. नाल मात्र तो घडवत बसत नसे. ट्रॉय गावच्या बर्डनच्या कारखान्यातून यंत्रावर घडवलेले नाल पिंपांत भरून यायचे, लोहारानं फक्त खुराप्रमाणं वाकवून ठोकायचे.

अंबडचा आरा

चाकावर सविस्तर लिहितो, कारण कथेत चूक होईल ती इथंच होईल.

तोफेचं चाक 57 इंच व्यासाचं, म्हणजे पावणेपाच फूट. 14 आरे, 7 पुठ्ठे, एका पुठ्ठ्यात दोन आरे. चाकं दोन जातींची. हलक्या 6 पौंडी तोफेला, केसनला, भट्टीला, वॅगनला आणि सगळ्या लिंबरना (लिंबर म्हणजे घोडे जुंपायची पुढची दुचाकी) एक नंबर, वजन साधारण 180 पौंड. जड तोफेला दोन नंबर, 196 पौंड, म्हणजे 89 किलोच्या आसपास. डिल्गरकडच्या 12 पौंडी नेपोलियन तोफा दोन नंबरवर चालायच्या. यातली खुबी अशी, की उंची दोन्हींची सारखी आणि आखाचा भागही सारखा, त्यामुळं अडचणीत कुठलंही चाक कुठंही बसतं. केसनच्या पाठीवर एक जादा चाक टांगलेलं असतं ते याचसाठी. पण ते एक नंबर! जड तोफेला लावलं तर चालेल, कायमचं ठेवलं तर आरे ढिले होतील. तुमचा सुतार संध्याकाळी ते उतरवून मूळ चाक दुरुस्त करून चढवेल. नुसतं "चाक बदललं" असं लिहून सोडू नका.

लाकूड: आरे आणि पुठ्ठे व्हाइट ओकचे, पुठ्ठ्याला अॅशही चालतं. आरा करवतीनं कापायचा नाही, ओंडका पाचर मारून फाडायचा, म्हणजे रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग राहते. कापलेल्या आऱ्यात रेषा बाजूला पळाली की तोफ उडाल्यावर धक्क्यानं तिथंच तिरपा तुटतो. आपले जुने सुतार बाभळीचा आरा निवडताना हेच बघतात.

चाक सपाट नसतं, बशीसारखं खोलगट असतं, आरे तुंब्यापासून (चाकाच्या मधल्या लाकडी ठोकळ्यापासून) बाहेरच्या अंगाला झुकलेले. आखाचं टोक खाली कललेलं असतं, त्यामुळं जमिनीला टेकलेला आरा मात्र जवळजवळ उभा राहतो आणि भार सरळ घेतो. नांगरटीतून तोफ आडवी डुलली की बाजूचा रेटा येतो, सपाट चाक त्यात आतबाहेर होतं, खोलगट चाक तग धरतं. नेपोलियन तोफ, गाडा आणि भरलेलं लिंबर मिळून साधारण पावणेदोन टन, ओढायला सहा घोडे.

आता धाव. तुम्हाला पद्धत माहीत आहे म्हणता, तरी मापं घ्या. चाकाचा घेर 179 इंच, म्हणजे 4.55 मीटर. लाकडी घेरावरून एक छोटी चकती फिरवून फेरे मोजतात, मग तीच चकती धावेच्या आतून. धाव लाकडापेक्षा इंचभर, म्हणजे 25 मिलिमीटरच्या आसपास आखूड ठेवायची. दबक्या लालीपर्यंत तापली की घेरात 30 मिलिमीटरच्या आसपास वाढते. म्हणजे चाकावर बसायला मोकळीक मिळते ती जेमतेम पाचेक मिलिमीटर. म्हणूनच तिघांनी सांडश्यांनी एकदम उचलून एकदम बसवायची, घणानं कडेकडेनं ठोकायची आणि लगेच पाणी. उशीर झाला की पुठ्ठे जळतात. जळलेला कोळशाचा थर दोन दिवसांत भुगा होतो आणि धाव पुन्हा ढिली. पाणी एकाच बाजूला ओतलं तर ती बाजू आधी आवळते आणि चाक वाकडं होतं.

आवळणं जास्त झालं तर आरे पोटात वाकतात, खोलगटपणा वाढतो, चाक आखावर डुगडुगतं. कमी झालं तर खडखडाट. आणि एक नेहमीचा फसवा प्रकार: धाव घट्ट आहे, पण आरे हलतात. कारण पुठ्ठ्यांचे सांधे आधीच एकमेकांना भिडलेले, सगळा दाब घेरातच अडकला, आऱ्यांपर्यंत पोचलाच नाही. अशा वेळी धाव काढून एका सांध्यात करवतीचा एक काप मारायचा, म्हणजे तेवढी फट पडते. पुन्हा धाव चढवली की पुठ्ठे आत सरकतात आणि आऱ्याचं कुसू (खाचेत बसणारं टोक) तुंब्यात घट्ट बसतं. नवखा माणूस इथं आऱ्यात पाचरा मारत बसतो. तुमचा सुतार जाणता आहे हे वाचकाला दाखवायला एवढा एक काप पुरे.

एक आरा तुटला तर? तो मधूनच काढून दुसरा घालता येत नाही. एक टोक तुंब्याच्या भोकात, दुसरं पुठ्ठ्यात, म्हणजे धाव आणि पुठ्ठा काढल्याशिवाय गत्यंतर नाही. रस्त्यात एवढा वेळ कुठला? मग तुटलेल्या आऱ्याला दोन्ही बाजूंनी खपच्या लावून वर ओल्या कच्च्या कातड्याच्या वाद्या आवळायच्या. कातडं वाळताना आकसतं आणि लाकडाला धरून बसतं. पाऊस लागला की सैल पडतं, हे विसरू नका. शेजारशेजारचे दोन आरे गेले तर मात्र चाकच बदलायचं.

बार्शी_नाका (बीड)

आरादादा, ढिलं चाक रात्रभर पाण्यात ठेवायचा उपाय राहिला की. लाकूड फुगतं, सकाळी धाव घट्ट. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये गाड्या नदीत उभ्या करतात त्या याचसाठी. कथेत हाच उपाय जास्त शोभेल.

अंबडचा आरा

शोभेल, पण एकदाच. दोन दिवस उन्हात चाललं की लाकूड पुन्हा सुकतं. फुगताना धावेखाली दबलेले तंतू मोडलेले असतात, त्यामुळं सुकल्यावर ते आधीपेक्षा जास्त आकसतं. शिवाय तोफेच्या चाकात आखाभोवती धातूची बुश बसवलेली असते, पाणी तिच्या मागं शिरून तुंबा आतून कुजतो. घाईचा उपाय म्हणून शिपाई हे करतील, आर्टिफिसर बघून शिव्या देईल. असं दाखवा. आणि बैलगाडी दोन-चार कोस जाते. बॅटरी दिवसाला पंधरा-वीस मैल जायची, तेही लागोपाठ.

मोंढ्यावरचा (परभणी)

फारच कामाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. पायदळ रद्द, ल हाव्र नक्की, क्रांती बहुधा बाद. आता 2 मे 1863 ची संध्याकाळ. भट्टी आणि वॅगन मागं असतील, तर माझा नायक लढाईत असेल कसा? त्याला प्रत्यक्ष तिथं आणायचं आहे.

तोफखाना_लातूर

दोन वाटा. एक, जादा चाक घेऊन तोफांपर्यंत जाणं. हे काम आर्टिफिसरकडं येऊ शकतं आणि त्यासाठी त्याला लढवय्या करायची गरज नाही. दुसरी, तोफेवरचे इतके लोक पडतात की कुणालाही हाताला धरून उभं करतात. पहिलीच घ्या.

प्रसंग असा होता. युनियनचा सेनापती हूकर, त्याच्या फौजेचं उजवं टोक म्हणजे इलेव्हन्थ कोअर (अकरावी कोअर, फौजेचा एक मोठा विभाग); डिल्गरची बॅटरी तिच्यातच. पश्चिमेला जंगल, त्या बाजूला तोंड करून फारच थोडे लोक, बाकीचे रस्त्याला समांतर दक्षिणेकडं बघत. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दक्षिणेचा सेनापती जॅक्सन जंगलातून त्या टोकावर कोसळला. डिल्गरच्या तोफा वाइल्डरनेस चर्चजवळ रस्त्याच्या फाट्यावर होत्या. त्याचा घोडा पडला, लिंबरचे घोडे मारले गेल्यामुळं एक तोफ सोडावी लागली. बाकीच्या मागं धाडून त्यानं एकच तोफ रस्त्यावर ठेवली आणि ती प्रोलॉन्जनं ओढत, थांबत, उडवत मागं सरकला. प्रोलॉन्ज म्हणजे साधारण 26 फुटी जाड दोर. एक टोक लिंबरला, दुसरं तोफेच्या शेपटीला (गाड्याच्या जमिनीला टेकणाऱ्या मागच्या टोकाला). तोफ लिंबरवर चढवायची-उतरवायची गरज राहत नाही, बार काढला की घोडे हाकायचे. या कामगिरीबद्दल त्याला पुढं 1893 मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालं.

सुताराच्या नजरेतून बघायचं तर यात चाकाचे हाल होतात. लिंबरवर चढवलेल्या तोफेची शेपटी उचललेली असते, प्रोलॉन्जवर ती जमिनीवरून घासत येते. रस्त्यातला दगड किंवा मेलेलं जनावर आडवं आलं की एक चाक अडतं आणि सगळी तोफ त्या चाकावर फिरते. आऱ्यांवर आडवा ताण येतो तो इथंच. तिथं एखादा आरा तडकल्याचा आवाज नायकाला ऐकू येईल का? मला वाटत नाही, त्या गोंगाटात. पण रात्री चाकावर हात फिरवल्यावर कळेल.

चाक बदलायला चार-पाच माणसं आणि एक लांब दांडका, कुंपणाचा वासाही चालतो. दांडका आखाखाली घालून उचलायचं, आखाची खीळ आणि वॉशर काढायचं, जुनं ओढून नवं सरकवायचं. वॉशर हरवला तर चाक आत-बाहेर खेळतं आणि खिळीवर घासून तीच कापते. अंधारात खीळ-वॉशर टोपीत ठेवायला लावा त्याला.

आणखी एक. त्या पराभवाचं खापर वर्तमानपत्रांनी जर्मनांवर फोडलं, जणू सगळी कोअरच जर्मन होती. तिच्यात अमेरिकन रेजिमेंटही भरपूर होत्या आणि त्याही तशाच मोडल्या. उजवी बाजू उघडी आहे हे दुपारपासून वर कळवलं जात होतं. तुमच्या नायकाला हे महिनाभर ऐकून घ्यावं लागेल, बॅटरीनं चांगलं काम करूनसुद्धा.

वकीलताई (उदगीर)

पगार आणि कागदपत्रांचं मी सांगते.

साध्या शिपायाला महिना 13 डॉलर, जून 1864 च्या कायद्यानं 16. तोफखान्यातल्या आर्टिफिसरला सुरुवातीला 15. पगार दोन महिन्यांनी द्यायचा नियम, प्रत्यक्षात चार-चार, सहा-सहा महिने तटायचा. घरी पैसे येत नसल्याचं पत्र दाखवायला हरकत नाही. तीन वर्षांच्या भरतीवर 100 डॉलरचा बोनस होता, पण तो मुख्यतः सेवा संपल्यावर मिळायचा. हातात लगेच शंभर डॉलर दाखवू नका.

नागरिकत्व: नेहमीच्या वाटेनं आधी इराद्याचा कागद, ज्याला तिकडं पहिले कागद म्हणत, आणि एकूण पाच वर्षं वास्तव्य. तुमचा माणूस 1854 ला आलाय म्हणजे 1859-60 पर्यंत नागरिक होऊ शकतो. पण बरेच लोक पहिले कागद करून थांबायचे. 17 जुलै 1862 च्या कायद्यानं सूट मिळाली: फौजेतून सन्मानानं सुटलेल्या परदेशी माणसाला पहिल्या कागदांशिवाय, एका वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्व. त्यानं आधी आळस केला असेल तर सुटकेचा दाखला घेऊन तो थेट कोर्टात जाईल. तो दाखला जपणं फार महत्त्वाचं, पुढं पेन्शनलाही तोच लागतो.

मार्च 1863 च्या सक्तीच्या भरतीत पहिले कागद केलेले परदेशीही धरले गेले. सुटायचं तर 300 डॉलर भरा किंवा बदली माणूस द्या. नायकाचा धाकटा भाऊ असेल तर हा पेच त्याच्या गळ्यात घाला. ज्यानं इराद्याचा कागद केलाच नाही तो सुटतो, ज्यानं प्रामाणिकपणे केला तो अडकतो.

पेन्शन जुलै 1862 च्या कायद्याखाली, पूर्ण अपंगत्व आलं तर शिपायाला महिना 8 डॉलर, कमी इजेला त्या हिशेबानं कमी. सुताराला धावेखाली बोटं चिरडली असतील तर ती सेवेत असतानाच, कामावरच चिरडली, हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी बॅटरीतल्या अधिकाऱ्याचं किंवा सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं, आणि डॉक्टरकडून तपासणी. जन्मतारीख, लग्न, मुलं हेही कागदोपत्री लागतं. बाडेनचा दाखला मागवायचा तर तिथल्या चर्चच्या नोंदवहीतून, आणि त्यात नावाचं स्पेलिंग हमखास वेगळं. भरती करणाऱ्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. म्हणून एकाच माणसाची दोन-तीन नावं असतात आणि "तो मीच" असं आणखी एक प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

मोंढ्यावरचा (परभणी)

ताई, हे प्रतिज्ञापत्र लोहारानं दिलं तर चालेल ना? सही येत नसेल तर?

वकीलताई (उदगीर)

चालेल, सोबतचा शिपाई म्हणून साक्ष धरतात. सही येत नसेल तर फुलीची खूण आणि शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. पण जर्मन कारागीर बहुतेक शाळेत गेलेले असायचे, तेव्हा अंगठाछाप दाखवण्यापेक्षा तो जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात सही करेल आणि वाचता येत नाही म्हणून कारकून खाली पुन्हा नाव लिहून घेईल, तेही चुकीचं.